दोन फेऱ्या

रविवार, १ फेब्रुवारी २०२६
बेटावरून

शीलाताई, जय भीम.

आज इकडे आमची पहिली शर्यत झाली आणि तिकडे आपल्या बैलांचा शंकरपट. मी इथे दोर ओढत होतो, पण डोकं फुलसावंगीच्या दाणीवर होतं. बाबांची जोडी कितवी आली? लखन उधळला नाही ना? तुफानचा खूर बरा झाला का? आधी एवढं लिही, मग बाकीचं.

तुला फोन लावून थकलो. बेटावर रेंज फक्त बड्या पाहुण्यांच्या खोल्यांत आहे, आणि आम्हा खलाशांसाठी कचेरीत एक कॉम्प्युटर. म्हणून हे प्रफुल्लभाऊंच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या ईमेलवर पाठवतो आहे. भाऊजी, छापून तुमच्या बायकोला द्या आणि मधलं वाचू नका. तुम्ही वाचालच, हे मला माहीत आहे.

इथे पाहशील तर हसशील. सकाळी बायका वाळू झाडतात. झाडून वर दाताळ्याने सरळ रेघा ओढतात, आणि मग पाहुणे त्या रेघांवरून अनवाणी चालतात. हे लोक आठवडाभर शिडाच्या बोटींच्या शर्यती बघायला आलेत. दिवसा दुर्बिणी, संध्याकाळी दारू. याला रेगाटा म्हणतात. रोज शर्यत, आणि शनिवारी ज्याची आठवड्याची कामगिरी सरस त्याला चषक.

आमची बोट मुंबईच्या एका शेठची. शेठ सुकाणूला हात लावत नाही, मागे उभा राहून फोटो काढतो. बोट चालवतो कपिल सर, फौजेतला माझा जुना साहेब, ज्याने मला शिडाची बोट शिकवली. एरवी माणूस चांगला, पण शर्यत सुरू झाली की त्याच्या अंगात येतं. आज पहिल्याच वळणाला दोर अडकला तर त्याने निकिताला, म्हणजे दोर सांभाळणाऱ्या आमच्या पोरीला, कमरेत लाथ घातली. ती पडली, उठली आणि तोच दोर पुन्हा धरला. माझ्या करंगळीचं नख विंचने नेलं. विंच म्हणजे दोर ओढायचा रहाट समज. रक्त बघायलाही सवड मिळाली नाही.

माझी जागा अगदी पुढे, नाळेच्या टोकावर. शिडं एवढी मोठी की मागे सुकाणूवाल्याला समोरचं दिसत नाही, आणि वाऱ्यात बोललेलं ऐकू जात नाही. समोरून कोण येतंय ते मी बघायचं आणि हाताने खूण करायची. मूठ पुढे म्हणजे चालू दे, हात आडवा म्हणजे वळव. बाबांना सांग, सर जोडी हाकणारे धुरकरी आहेत आणि मी त्यांचे डोळे.

आता बाबांसाठी एक गंमत. समुद्रावर आपल्यासारखी प्रत्येक जोडीची वेगळी दाण आखलेली नसते, बोटी एकमेकींच्या आडव्या येतात. नियम असा, की जिला उजव्या अंगाने वारा लागतो तिचा मान आधी. डाव्या अंगाने वारा घेणाऱ्याने वाट सोडायची. नाही सोडली तर चुकलेल्या बोटीने तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, स्वतःभोवती दोन गोल फेऱ्या मारायच्या आणि मग पुढे जायचं. कोणी पंच सांगायला येत नाही. आपली चूक आपणच कबूल करायची. आज दोन बोटींनी फेऱ्या मारल्या आणि कोणी हसलंसुद्धा नाही. बाबा यावर काय म्हणतात ते मला शब्दाला शब्द लिही.

तुझा,
राजदीप


मंगळवार, ३ फेब्रुवारी
फुलसावंगी

राजदीप, जय भीम.

जोडी नंबरात आली नाही. तुफानच्या डोळ्याला जरा लागलं आहे, गुरांचे डॉक्टर येऊन गेले. बाकी सगळं ठीक.

माझा फोन पटाच्या गर्दीत पडून फुटला, आणि तुझ्या भाऊजींचा दुरुस्तीला गेला आहे. म्हणून मी हाताने लिहिते आणि ते दुकानातून पाठवतात. वाचत नाहीत म्हणतात, पण पाठवताना हसतात.

बाबा दिग्रसला विमलआत्याकडे गेले आहेत, चार दिवस राहतील. जाण्याआधी तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, कारण चष्मा त्यांनी कुठेतरी पाडला. दोन फेऱ्यांवर त्यांचं म्हणणं शब्दाला शब्द असं: "मंग हरलेच की ते. हे फेऱ्या मारून राह्यले, आन् बाकीचे फुफाटा उडवून निंघून गेले. चूक झाली तं झाली, लोकाईसमोर कायले सांगाची?" आणि मग ताट सरकवून उठले.

त्या निकिताला माझा जय भीम सांग. लाथ खाऊन पुन्हा तोच दोर धरते म्हणजे ती आपल्याकडची शोभेल. आणि तिला लाथ बसली तेव्हा तू काय करत होतास रे? मूठ पुढे करून उभा होतास?

जपून राहा. पाण्यात आपलं कोणी नाही.

तुझी,
शीलाताई


बुधवार, ४ फेब्रुवारी
बेटावरून

शीलाताई,

तुला खोटं लिहिता येत नाही. बैलाच्या डोळ्याला आपोआप लागत नाही. आणि दुखावलेला बैल गोठ्यात सोडून बाबा आत्याकडे पाहुणचार खायला जातील, हे तुला तरी पटतं का? काय झालं ते नीट लिही. मी इथे लांब आहे म्हणून मला लहान समजू नकोस.

आता माझं ऐक. काल आमची टक्कर झाली. आम्ही डाव्या अंगाने वारा घेऊन निघालो होतो आणि समोरून पिवळ्या शिडाची एक मलेशियाची बोट उजव्या अंगाने आली. वाट आम्ही सोडायची होती. मला वाटलं, तिच्या पुढून निघून जाऊ. मी मूठ पुढे केली. निघालो नाही. आमची नाळ तिच्या कुशीत घुसली, लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला आणि मी तोंडावर आपटलो. त्यांच्या एका गड्याच्या छातीला मार लागला, फार नाही.

मी मागे वळलो आणि जीव खाऊन ओरडलो, सर, चूक आपली आहे, खूण मी चुकीची केली.  कपिल सरांनी सुकाणू फिरवलं आणि सगळ्या बोटींसमोर आम्ही दोन फेऱ्या घेतल्या. संध्याकाळी पंचांनी दोन्ही बोटींच्या लोकांना बोलावलं. तिथेही मी तेच सांगितलं. ऐकून त्या बोटीच्या कप्तानाने माझा हात हातात घेतला. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. बाहेर आलो तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

बाबांना सांग, आम्ही मागे पडलो, पण मला मान खाली घालावी लागली नाही.

राजदीप


गुरुवार, ५ फेब्रुवारी
फुलसावंगी

राजदीप,

बरं, ऐक. तुझं पत्र वाचून माझीच मला लाज वाटली, म्हणून सगळं लिहिते.

पटात एका दाणीत बाबांची जोडी होती आणि शेजारच्या दाणीत बळीरामची. आपला बळीराम, रामधनकाकांचा धाकटा भाऊ, ज्याच्यासोबत तू पैनगंगेच्या डोहात पोहायला पळायचास. झेंडी पडली, जोड्या सुटल्या. अर्ध्यावर दोन्ही जोड्या एकमेकींत घुसल्या, चाकात चाक अडकलं आणि बळीरामची छकडी उलटली. तो खाली आला आणि आपलं चाक त्याच्या मांडीवरून गेलं. हाड मोडल्याचा आवाज मी बायकांच्या गर्दीत उभी राहून ऐकला. यवतमाळच्या दवाखान्यात त्याचा पाय मांडीपासून काढला आहे.

मग मारामारी झाली. रामधनकाकांचे पुतणे गाड्यांच्या उभाऱ्यांचे दांडके उपसून धावत आले. आपल्या बाजूचेही काही साधू नव्हते. तुझ्या भाऊजींनी, ज्यांना झुरळ मारवत नाही, एकाचं डोकं दगडाने फोडलं. कोणीतरी जुवाला बांधलेल्या तुफानच्या डोळ्यात बैल टोचायच्या तुतारीचा खिळा खुपसला. तो हंबरला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एकाने माझा फोन हिसकून दगडावर आपटला. मी त्याच्या मनगटाला चावले. तोंडात रक्ताची चव आली आणि खरं सांगते, मला ती वाईट लागली नाही. मी तेव्हा माणसात नव्हते. त्याच संध्याकाळी त्यांनी आपली तुरीची गंजी पेटवली. भाऊजींचा फोन पोलिसांकडे आहे, कारण त्यात पटाचं शूटिंग आहे. पण कोण कोणाच्या दाणीत गेलं ते धुरळ्यात काही दिसत नाही.

बाबा आत्याकडे नाहीत. शेतातल्या खोपडीत लपले आहेत. पहिल्या दिवसापासून एकच सांगतात, "त्यायचीच जोडी आपल्या दाणीत आली." आपल्याकडचे सगळे तेच सांगतात, मीही पोलिसांना तेच सांगितलं. मी तेव्हा पाहिलं होतं का? नाही. बाप सांगतो म्हणून सांगितलं. रामधनकाका चौकात उभे राहून बाबांचं नाव घेऊन म्हणाले, "बापूजी दिसला की त्याचा बी पाय काढतो." वीस वर्षं हे दोघे एकाच गाडीत बसून पटाला जात आले, एकाच डब्यातलं जेवत आले.

आज भाकरी घेऊन गेले तेव्हा तुझं पत्र वाचलं. बाबांनी मध्येच थांबवलं. "खरं सांगतल्यावर त्याले मारलं नाई कोनी?"

मी म्हटलं, "नाई बाबा. लिवलं हाये ना त्यानं."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. ते खोपडीपुढे बांधलेल्या तुफानकडे पाहत होते. त्याचा डोळा बांधला आहे, माशा बसतात. मग म्हणाले, "परक्या मुलखात पोरगं असं वागलं. तो घरी येईन तवा त्याले काय तोंड दाखवू मी?"

"म्हंजे? तुमी काय केलं?"

"काई नाई. भाकर वाढ."

चार दिवसांनी आज ते पोटभर जेवले. हा तुझ्याच पत्राचा गुण.

शीलाताई


शुक्रवार, ६ फेब्रुवारी
यवतमाळ, सरकारी दवाखाना

राजदीप,

दवाखान्यासमोरच्या दुकानातून भाऊजी हे पाठवतील, अक्षर लागेल तसं वाच.

आज सकाळी बाबा खोपडीतून उठले आणि सरळ गावात आले. हातात काठी नव्हती, तुतारी होती. आपण सगळ्या जगाला सांगत आलो की बापूजी जोडी आवाजावर पळवतात, बैलाला कधी टोचत नाहीत. आपल्या घराचा तोच तोरा. आता तर पटात तुतारीला बंदीच आहे. त्यांनी ती धोतरात लपवून नेली होती आणि नंतर खोपडीच्या कुडात खोचून ठेवली होती. मला पत्ता नव्हता.

रामधनकाकांच्या अंगणात बळीरामची मोडकी छकडी पडली आहे. बाबांनी त्या छकडीभोवती एक फेरी घातली. मग दुसरी. अंगणात सगळी माणसं चहा पीत होती, ती नुसती बघत राहिली. मग बाबा रामधनकाकांसमोर उभे राहिले. रामधन-बळीरामची म्हातारी आई मानीबाई, तिने मला त्यांचे शब्द सांगितले.

"माही जोडी तुह्या दाणीत आली, रामधन. मी मांगं पडून राह्यलो होतो, म्हून लखनले तुतारी टोचली. बाहेरच्या अंगानं टोचली, तो आत वळला. बळीरामचा पाय मी नेला." आणि तुतारी त्यांच्या पायाशी ठेवली.

पुतणे तुटून पडले. पहिला घाव पाठीवर, दुसरा डोक्यात. बाबांनी हात वर केले नाहीत, पळाले नाहीत. खाली पडल्यावर एकाने त्यांचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि दुसऱ्याने उभारीने ठेचला. एकदा नाही, थांबेपर्यंत ठेचला. धुरकऱ्याचा हात होता तो. मी पोचले तेव्हा त्याला पंजा म्हणावं असं काही उरलं नव्हतं, बोटं कुठल्या बाजूची तेही कळत नव्हतं.

मानीबाई बाबांच्या अंगावर आडवी पडली होती. तिच्याही पाठीवर घाव बसले होते. ती ओरडत होती, "मले मारा आता. साऱ्या गावात हा एकटा खरं बोल्ला, आन् त्यालेच मारून राह्यले तुमी?" तेव्हा कुठे रामधनकाका जागचे हलले. त्यांनी पुतण्याच्या हातातून उभारी हिसकली, त्याच्याच तोंडावर मारली, आणि बाबांना उचलून स्वतःच्या गाडीत घातलं. मी मागे बसले होते. यवतमाळ येईपर्यंत ते आरशात माझ्याकडे बघत नव्हते.

बाबा वाचले आहेत. हात वाचला नाही, मनगटापासून काढला. बळीराम पलीकडच्याच वॉर्डात आहे. शुद्धीवर आल्यावर बाबा मला म्हणाले, "राजदीपले कळव. दोन फेऱ्या घेतल्या म्हना बाबानं."

मला तुझा राग आला आहे. तुझ्या त्या शहाण्या पत्रापायी माझा बाप मेला असता. समुद्रावर चूक सांगितली की लोक हात हातात घेतात, इथे हात ठेचतात, हे फुलसावंगीत वाढलेल्या माणसाला कळू नये? आणि तरी तुझा अभिमानही वाटतो, तो लपवता येत नाही. साठ वर्षांच्या माणसाला त्याच्या पोराने खरं बोलायला लावलं. मी त्यांच्याजवळ राहून जे करू शकले नाही, ते तू तिथून केलंस.

शीलाताई


शनिवार, ७ फेब्रुवारी, सकाळी
बेटावरून

ताई,

तुझं पत्र वाचलं, बाहेर गेलो आणि त्या झाडलेल्या वाळूवरच्या रेघा पायाने मोडून टाकल्या.

मी खोटं लिहिलं होतं. मी सरांना ओरडून काही सांगितलं नाही. आम्ही एकही फेरी घेतली नाही. माझा हात कोणी हातात घेतला नाही.

त्या गड्याचं नाव इस्माईल. आमच्या नाळेच्या पुढे एक लांब दांडी असते. ती त्याच्या बगलेखाली घुसली, त्याला उचललं आणि शिडाच्या खांबावर चेपलं. बोटी सुटल्या तेव्हा दांडी बाहेर आली आणि तिच्याबरोबर त्याच्या अंगातलं काय काय बाहेर आलं ते मी पाहिलं. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. तो ओरडत नव्हता, नुसता तोंड उघडून माझ्याकडे बघत होता. त्याचं रक्त माझ्या तोंडावर होतं आणि सर मागून ओरडत होते, "पुढे बघ, पुढे बघ." मी पुढे बघितलं. ती शर्यत आम्ही जिंकलो.

माणूस जखमी झाला की दोन फेऱ्याही पुरत नाहीत, शर्यत सोडून किनाऱ्याला यावं लागतं, असाही नियम आहे. तो मी तुला लिहिला नव्हता.

पंचांकडे जायच्या आधी सरांनी मला बोटीच्या पोटात नेलं, गळा धरून भिंतीला दाबलं आणि म्हणाले, "पुढे फक्त तू होतास. त्यांची बोट ऐनवेळी आपल्याकडे वळली. एवढंच बोलायचं." मी एवढंच बोललो. पंचांनी चूक त्यांची ठरवली. आता वाचतो तर बाबांनी गावात जे सांगितलं तेच मी इथे सांगितलं, फक्त बैलांऐवजी बोट.

हात आडवा करायला वेळ होता, ताई. वाट सोडायची आपली पाळी आहे हेही मला माहीत होतं. पण डोक्यात पट होता. दाण सोडली तो संपला, हे मी बाबांच्या मांडीवर बसून ऐकत मोठा झालो. मी मूठ पुढेच ठेवली.

तुला खरं लिहायची लाज वाटली. म्हणून जसं वागायला हवं होतं तसं लिहून टाकलं. एवढ्या लांबचं कोण तपासतो, असं वाटलं. बाबांनी तपासलं नाही. खरं मानलं आणि उठून गेले.

आज शेवटची शर्यत. चषक आमचाच आहे. बाबांना काय सांगू?

राजदीप


शनिवार, ७ फेब्रुवारी, दुपारी
यवतमाळ

राजदीप,

बाबांना काही सांगायचं नाही. ते उशाशी तुझं पत्र ठेवून झोपले आहेत. ज्याला त्याला सांगतात, माझा पोरगा समुद्रावर खरं बोलला. परिचारिकेला सांगून झालं, बळीरामलाही सांगून झालं. बळीराम म्हणाला, "लहानपनापासून असाच हाये तो." 

तू बापाला खोटं पत्र लिहिलंस आणि त्या पत्रापायी तो मार खायला गेला. माफी माझ्याकडे मागू नकोस, माझ्याकडे ती नाही.

ते पत्र खरं कर. आज. चषकाला हात लावायच्या आधी. नाही जमलं तर फुलसावंगीला येऊ नकोस. आलास तर गावाच्या तोंडाशी मी उभी असेन, उभारी घेऊन, आणि मी चावतेही हे तुला माहीत आहे.

शीला


रविवार, ८ फेब्रुवारी
बेटावरून

शीलाताई,

एका हाताने टाइप करतो आहे, दुसरा सुजला आहे.

तुझं पत्र मिळालं तेव्हा शेवटची शर्यत होऊन गेली होती. हिरवळीवर पांढरे तंबू, वाजंत्री, शेठ नवा कोट घालून उभा. मी ओल्या कपड्यांनी पंचांच्या तंबूत गेलो आणि म्हणालो, मंगळवारी मी खोटं बोललो, मला पुन्हा बोलायचं आहे. त्यांनी सगळ्यांना बोलावलं. मी मूठ पुढे करून दाखवली, म्हणालो, ही अशी ठेवली होती, ती बोट तसूभरही वळली नव्हती. कपिल सर म्हणाले, "हा दारू प्यायलाय." तेव्हा निकिता पुढे आली आणि म्हणाली, "मीपण मूठ पाहिली." पंचांनी आमची बोट सगळ्या आठवड्यातून काढून टाकली. वाजंत्री थांबली. शेठने माझ्याकडे न बघता कोटाची बटणं काढली.

नंतर बोटी ओढून ठेवतात त्या शेडमध्ये सरांनी मला गाठलं, आणि आणखी दोघे होते. विंचचा लोखंडी दांडा माहीत आहे? नसू दे. समोरचे दोन दात गेले, डावं मनगट मोडलं, एक डोळा उघडत नाही. मी हात वर केले नाहीत. बाबांनी केले नव्हते, म्हणून. सर प्रत्येक फटक्याला म्हणत होते, "तुला मी शिकवलं." ते खरं आहे, आणि मला वाईटही वाटलं. मला वाटतं त्यांनी मला मारून टाकलं असतं, पण निकिताने मागून येऊन त्यांच्या कमरेत लाथ घातली. पहिल्या दिवशीची फेडली. तुझा जय भीम मी तिला तेव्हाच सांगितला.

आज सकाळी इस्माईलला भेटायला दवाखान्यात गेलो. छातीत नळी आहे, जगेल म्हणतात. बोलता येत नाही. त्याची बायको जवळ होती. मी कोण ते सांगितलं, तेव्हा तिने उठून माझ्या तोंडात मारली, तुटलेल्या दातांवरच. मी तसाच उभा राहिलो. मग तिने दुसरी खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली. मी बसलो.

फेऱ्या राहिल्या होत्या. बोट आता माझी नाही. ती पिवळ्या शिडाची बोट किनाऱ्यावर कुशीला भगदाड घेऊन पडली आहे, तिचे लोक दुरुस्त करत होते. मी लंगडत तिच्याभोवती एक फेरी घातली. मग दुसरी. त्यांनी हातातली हत्यारं खाली ठेवली आणि बघत राहिले. अडवलं कोणी नाही.

तिकिटाची सोय पंचांनी केली आहे, बुधवारी निघतो. आधी बाबांकडे येईन, मग बळीरामकडे.

ते पत्र आता जमेल तेवढं खरं केलं, ताई. त्यातली सगळ्यात खोटी ओळ राहिली आहे, कोणी हात उगारला नाही असं लिहिलं होतं ती. ती खोडून टाक. ती खोटी आहे हे बाबांना मार खाताना माझ्याआधी कळलं होतं, आणि तरी त्यांनी पत्र उशाशी ठेवलं.

राजदीप